अनोळखी फाइलचा अंगठा : एपीके खरी की खोटी, ओळखायचं कसं?

(मानवतमधल्या एका अभ्यासिकेत केलेल्या बोलण्याचं हे लिखित रूप. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातली वाक्यं जवळपास तशीच ठेवली आहेत, मध्ये आलेले प्रश्नही ठेवले आहेत.)

मागं आवाज येतोय ना? बरं. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येणार आहे, ऐकणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच एक विचारतो. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना घरचे, गल्लीतले, भावकीतले लोक मोबाइलचं काहीही झालं की हाक मारतात? हात वर करा. ...जवळपास सगळेच. म्हणजे मी बरोबर ठिकाणी आलोय. कारण आजचा विषय तुमच्या वडिलांसाठी नाही, तुमच्या आजीसाठीही नाही. तो तुमच्यासाठी आहे. घरात ‘याला मोबाइलचं कळतं’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्या पोरासाठी आणि त्या पोरीसाठी.

तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? मला विचाराल तर, “ही फाइल आलीय, उघडू का?” आणि आपण उत्तर काय देतो? चिन्ह बघतो, नाव बघतो, कुणी पाठवली ते बघतो आणि म्हणतो, “वाटतंय तर खरी.” किंवा म्हणतो, “नको उघडू, काहीतरी गडबड वाटतेय.” दोन्ही वेळा आपण अंदाजच करत असतो. आज मला तुम्हाला असं काहीतरी दाखवायचंय की ज्याने ‘वाटतंय’ हा शब्द निम्मा तरी कमी होईल.

आधी आपल्या शेजारची गोष्ट

ऑगस्ट २०२५ मधली बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेसारखी दिसणारी फाइल. त्यांनी ती उघडली, आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका म्हणून जी फाइल आली होती ती पीडीएफ नव्हती, फोटोही नव्हता. ती एपीके होती.

एपीके म्हणजे काय? अँड्रॉइडवर ॲप ज्या गठड्यात बांधून येतं ते गठडं. आत ॲपचा कोड असतो, चित्रं असतात, आणि मला कोणकोणत्या परवानग्या लागतात याची यादी असते. खरं तर ती एक झिप फाइलच आहे, फक्त शेवटी डॉट एपीके असं लिहिलेलं. पत्रिका एपीके असू शकत नाही. चलन एपीके असू शकत नाही. लाभार्थ्यांची यादी एपीके असू शकत नाही. हे एक वाक्य जरी घरी जाऊन सांगितलंत तरी आजचं येणं वाया गेलं नाही असं मी समजेन.

पण अडचण पुढं आहे. काही फाइली ‘मी ॲपच आहे’ असं उघड सांगून येतात. ‘पीएम किसानचं नवीन ॲप, केवायसी इथूनच करा.’ ‘आरटीओ चलन ॲप.’ ‘बँकेचं अपडेट, आज रात्रीपर्यंत केलं नाही तर खातं बंद.’ इथं नुसतं ‘हे ॲप आहे, उघडू नको’ म्हणून भागत नाही. समोरचा म्हणतो, “अरे, पण ॲपच तर पाहिजे मला. खरं आहे का खोटं तेवढं सांग.” आता सांगायचं कसं?

नावावर जाऊ नका

बाहेरून पहिल्यांदा आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याचं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. रेल्वेत बसतो, पाटीवर ‘मानवत रोड’ वाचतो, खूश होऊन उतरतो. उतरल्यावर विचारतो, “मानवत कुठंय?” मग कुणीतरी सांगतं, “गावाला जायला अजून काही किलोमीटर आहेत, ऑटो बघा.” पाटीवर नाव मानवतचं, पण पायाखाली मानवत नाही.

फाइलचं नाव म्हणजे तीच पाटी. फाइलचं चिन्ह म्हणजेही पाटीच. बँकेचा लोगो कुणीही इंटरनेटवरून उचलून आपल्या ॲपला लावू शकतो. नाव तर तुम्ही स्वतः दोन सेकंदांत बदलू शकता. मग फाइलची अशी कोणती गोष्ट आहे जी पाटीवर नाही, तर फाइलच्या अंगावरच आहे? जी बदलायची तर फाइलच बदलावी लागेल?

आपल्या भागात याचं उत्तर रेशन दुकानात रोज बघायला मिळतं. अंगठा. कार्ड दुसऱ्याचं नेता येतं, नाव दुसऱ्याचं सांगता येतं, पण मशीनवर अंगठा ठेवला की माणूस कळतो.

फाइललाही अंगठा असतो. त्याला म्हणतात हॅश.

हॅश म्हणजे काय, सरळ भाषेत

एक गणिती कृती आहे, तिचं नाव एसएचए-२५६. तिच्यात कुठलीही फाइल टाकायची. ‘शुभ सकाळ’ एवढा दोन शब्दांचा मजकूर टाका, नाहीतर चार जीबीचा सिनेमा टाका. बाहेर येतात बरोबर ६४ अक्षरं. त्यात शून्य ते नऊ हे अंक असतात आणि इंग्रजीतली ए पासून एफ पर्यंतची सहा अक्षरं असतात. बस. लहान फाइल असो, मोठी असो, ६४ म्हणजे ६४.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. तीच फाइल कितीही वेळा टाका, कुठल्याही कॉम्प्युटरवर टाका, उत्तर तेच येतं. मानवतमध्ये तेच, मुंबईत तेच, अमेरिकेत तेच.

दुसरी. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ६४ पैकी जवळपास सगळी अक्षरं उलटीपालटी होतात. थोडा बदल केला म्हणून उत्तर थोडंसंच बदललं, असं कधी होत नाही.

तिसरी. उलटं जाता येत नाही. अंगठ्याच्या ठशावरून माणूस बनवता येत नाही, तसं हॅशवरून फाइल बनवता येत नाही. ही तिसरी गोष्ट लय कामाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

“पण सर, दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच निघाला तर?” बरोबर प्रश्न. असे हॅश किती असू शकतात? ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. एसएचए-२५६ मध्ये असा जुळा अजून कुणालाही सापडलेला नाही. जुन्या पद्धतींमध्ये मात्र सापडलेत. एमडी५ नावाची पद्धत २००४ मध्ये चिनी संशोधकांनी मोडून दाखवली. एसएचए-१ चे जुळे २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधन केंद्राने आणि गुगलने मिळून बनवून दाखवले. म्हणून कुठं दोन-तीन हॅश दिलेले दिसले तर एसएचए-२५६ वाला बघायचा.

आता एक प्रयोग सांगतो, घरी जाऊन कराच. एक फाइल घ्या, हॅश काढा. मग तिचं नाव बदला, पुन्हा हॅश काढा. तोच येईल, कारण पाटी बदलली, अंगठा नाही. आता एखादा फोटो घ्या, व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवा, आणि पलीकडं पोचलेल्या फोटोचा हॅश काढा. वेगळा येईल. कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, डोळ्याला तो तसाच दिसला तरी आतून फाइल दुसरी झाली. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, हॅश जुळेल.

आणि एक गंमत. काहीच न लिहिलेली, पूर्ण रिकामी फाइल असते ना, शून्य बाइटची, तिचाही हॅश असतो. तो सुरू होतो ई-३-बी-०-सी-४-४-२ असा. जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलचा हाच. कुठं डाउनलोड अर्धवट तुटलं आणि हा हॅश दिसला तर समजायचं, गठडं रिकामंच आलंय.

अंगठा घेतला, आता वही कुठंय?

नुसता अंगठा घेऊन काय करायचं? तो कशाशी तरी जुळवून बघायला वही पाहिजे. रेशनच्या मशीनमागं जशी नोंद असते, तशा हॅशच्याही मोठमोठ्या नोंदवह्या जगात आहेत. तीन सांगतो.

पहिली अमेरिकेतली. तिथल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेकडे नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी आहे. ते लोक सॉफ्टवेअर गोळा करतात, त्यातली एकेक फाइल सुटी करतात, आणि तिचा हॅश लिहून ठेवतात: ही फाइल या सॉफ्टवेअरची, या आवृत्तीतली. कशासाठी? पोलिसांनी एखादा कॉम्प्युटर जप्त केला तर त्यात लाखो फाइली निघतात. त्यातल्या बहुतेक विंडोजच्या नाहीतर नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या असतात. एकेक उघडून बघत बसलं तर जन्म जाईल. मग हॅश जुळवून ओळखीच्या फाइली बाजूला काढतात, आणि अनोळखी उरलेल्यांकडं लक्ष देतात. हे नीट ऐका: अनोळखी उरलेल्यांकडं.

दुसरी लक्झेंबर्गमधली. तिथल्या सर्कल या सायबर सुरक्षा केंद्राने हॅशलुकअप नावाची मोफत सेवा ठेवलीय. हॅश द्या, ते सांगतात की ही फाइल अमुक लिनक्सच्या तमुक पॅकेजमधली आहे, किंवा आमच्याकडं नोंद नाही.

तिसरी तुम्हाला सगळ्यात उपयोगाची, व्हायरसटोटल. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये गुगलने घेतली. तिथं फाइल दिली तर सत्तरेक अँटिव्हायरस ती तपासतात. पण बहुतेकांना माहीत नसतं की तिथं फाइल न देता नुसता हॅश शोधता येतो. शोधाच्या जागी ती ६४ अक्षरं चिकटवायची. फाइल आधी कुणी दिलेली असेल तर सगळा इतिहास समोर येतो: पहिल्यांदा कधी दिसली, कोणकोणत्या नावांनी फिरली, किती जणांनी तिला लाल म्हटलं.

मावसभावाची फाइल

आता प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो. कापसाचा हंगाम होता. मोंढ्यात माल गेलेला, पट्टीचे पैसे खात्यावर जमा झालेले. अशा दिवसांत मावसभावाचा मेसेज आला. “दादा, गावच्या ग्रुपवर आलंय. बाबा म्हणतेत हप्ता अडकलाय, हे ॲप टाकल्याशिवाय सुटत नाही. टाकू का?” सोबत पीएम किसानच्या नावाची एपीके.

मी त्याला म्हटलं, टाकू नको, पण पुसूही नको, मला तशीच पाठव. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून ती उतरवली. विंडोजवर एपीके आपोआप चालत नाही, त्यामुळं तेवढी भीती नव्हती. हॅश काढला, व्हायरसटोटलवर शोधला.

उत्तर काय आलं? काहीच नाही. ‘जुळणारं काही सापडलं नाही.’

मावसभाऊ लगेच म्हणतो, “म्हणजे व्हायरस नाही ना? बाबांना सांगू का, टाका म्हणून?”

मंडळी, आजच्या सगळ्या बोलण्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. इथंच लोक फसतात, चांगले शिकलेले लोकही फसतात. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘चांगली आहे’ असा होत नाही. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ एवढाच, की ही फाइल या वहीत अजून कुणी आणलेलीच नाही.

आता जरा विचार करा. पीएम किसानचं अधिकृत ॲप प्ले स्टोअरवर आहे. देशभरातल्या लाखो शेतकऱ्यांनी ते घेतलेलं आहे. एवढं फिरलेलं ॲप कुणाच्याच ओळखीचं नाही, असं होईल का? एखादा माणूस तुमच्या दारात येतो, म्हणतो, “मी मानवतचाच, तीस वर्षं मोंढ्यात आडत आहे माझी.” तुम्ही मोंढ्यात विचारता. हमालाला माहीत नाही, चहावाल्याला माहीत नाही, शेजारच्या आडतीवर कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. तुम्ही काय म्हणाल? “याच्यावर एकही गुन्हा नोंद नाही, म्हणजे चांगला माणूस दिसतोय,” असं म्हणाल का? तुम्ही म्हणाल, “हा खोटं बोलतोय.”

फाइलचंही तेच. तुमच्या मित्राने काल रात्री स्वतः बनवलेलं छोटं ॲप वहीत नसेल, तर त्यात नवल नाही, तो तसा दावाही करत नाही. पण जी फाइल म्हणते की मी कोट्यवधी लोक वापरतात ते बँकेचं ॲप आहे, आणि वहीत तिचा मागमूस नाही, तिचं अनोळखी असणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा आहे.

मी मावसभावाला एवढंच सांगितलं. बाबांनी ॲप टाकलं नाही.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण त्यातून अजून एक गोष्ट कळते. दोन दिवसांनी दुसऱ्या एका ग्रुपवरून हुबेहूब तशीच फाइल आली. तेच चिन्ह, नावही जवळपास तेच. हॅश काढला तर पूर्ण वेगळा. म्हणजे बनवणारा गठडं थोडं थोडं बदलून पुन्हा पुन्हा बांधत होता, जुना अंगठा कुठं नोंद झाला तरी नवा कोरा राहावा म्हणून. आणि चारेक दिवसांनी मी पहिलाच हॅश परत शोधला. आता नोंद होती. मधल्या काळात कुणीतरी ती फाइल दिली होती, आणि बरेच अँटिव्हायरस लाल झाले होते. फाइल तीच, अंगठा तोच. वही मात्र चार दिवस मागं होती. या चार दिवसांतच लोकांची खाती रिकामी होतात.

म्हणून बऱ्याच अँटिव्हायरसचं लाल दिसलं तर प्रश्नच मिटला, फाइल वाईट. हिरवं दिसलं तर थांबा, ती कधीपासून नोंद आहे ते बघा. कालपासून नोंद असलेली ‘बँकेची’ फाइल हिरवी असली तरी संशयितच. आणि काहीच नाही दिसलं, आणि दावा मोठा असेल, तर नाही म्हणायचं.

“पण खऱ्या ॲपचा हॅशही सापडला नाही तर?”

(हा प्रश्न मागच्या रांगेतून आला.)

चांगला प्रश्न. असं होऊ शकतं. २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲपं वेगळ्या पद्धतीनं द्यावी लागतात. गुगल तुमचा फोन बघून त्याला लागतील तेवढेच तुकडे पाठवतं. म्हणून तुमच्या आणि माझ्या फोनवरच्या त्याच ॲपच्या फाइली सारख्या असतीलच असं नाही. शिवाय प्रत्येक अपडेटला हॅश बदलतो.

त्यावर उपाय असा, की एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फाइलचा हॅश आवृत्तीगणिक बदलतो, पण सही ज्या प्रमाणपत्राने केली त्याचा ठसा सहसा तोच राहतो. व्हायरसटोटलवर फाइलच्या तपशिलात तोही दिसतो. बँकेच्या लोगोच्या आत भलत्याच कुणाची तरी सही निघाली तर समजून जायचं. पण माझं साधं म्हणणं असं, की ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर तुम्हाला ही तपासणी सहसा करावीच लागत नाही. आणि बँकेचं किंवा सरकारचं ॲप व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून आलं असेल, तर ‘खरी असूनही सापडत नसेल’ हा विचार करण्यात अर्थ नाही. खरी बँक असं ॲप पाठवतच नाही.

आणि हो, तुमच्या फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट नावाची गोष्ट असते, ती ॲपं तपासायचं काम मागच्या मागं करत असते. “ॲप टाकायच्या आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा,” असं कुणी फोनवर सांगायला लागलं, तर तो माणूस रखवालदाराला घरी पाठवा म्हणतोय. फोन ठेवून द्या.

ठसा कुठून घेतला तेही बघा

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या प्रसिद्ध लिनक्सच्या वेबसाइटमध्ये कुणीतरी घुसलं. डाउनलोडची लिंक बदलून आतून चोरवाट ठेवलेली फाइल लावली. दुसऱ्या दिवशी प्रकल्पाने स्वतःच जाहीर केलं आणि खऱ्या फाइलींचे हॅश पुन्हा छापले, की तुमच्याकडची फाइल जुळवून बघा, जुळली नाही तर फेकून द्या. ज्यांनी जुळवून बघितलं त्यांना लगेच कळलं.

पण यात एक खाच आहे. चोर जर वेबसाइटमध्येच घुसला असेल, तर तो तिथं लिहिलेला हॅशही बदलू शकतो. म्हणून फाइल ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं आलेल्या हॅशवर विसंबायचं नाही. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणारा खाली ‘हा घ्या हॅश, तपासून बघा’ असं लिहून पाठवेल, तर त्याला काडीची किंमत नाही. साक्षीदार दुसऱ्या बाजूचा पाहिजे.

बियाण्याची पिशवी जपून ठेवता ना?

इथं शेतकऱ्यांची पोरं किती आहेत? मग हे तुम्हाला सांगायला नको. पेरणी झाली की बियाण्याची पिशवी, तिचं लेबल, दुकानाची पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत सांभाळून ठेवा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. कारण उगवलं नाही, बोगस निघालं, तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? नुसतं ‘मला फसवलं’ म्हणून चालत नाही. ती मूठ दाखवावी लागते.

फसव्या एपीकेचंही तेच आहे. पैसे गेले की पहिल्यांदा घाबरून माणूस काय करतो? ॲप उडवतो, मेसेज पुसतो, कुणी तर फोनच पूर्ण फॉरमॅट करून टाकतो. म्हणजे पिशवीही गेली, बीही गेलं.

त्याऐवजी काय करायचं ते क्रमाने सांगतो. मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला फोन लावा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. दुसऱ्याचा फोन का? कारण असल्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिलेली असते, ओटीपी तिकडं जात असतात. लगेच बँकेला कळवून खातं गोठवायला सांगा. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे वाटेत अडकायची शक्यता जास्त. मग पोलिसांकडं जाताना फोन तसाच न्या, फाइल आणि चॅट तशीच ठेवा.

आणि इथं हॅश पुन्हा कामाला येतो. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात हॅश म्हणजे काय याचा अर्थ दिलेलाच होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. कोणत्या पद्धतीने काढला, एसएचए-२५६ का दुसरी, तेही लिहायचं असतं. कशासाठी? पहिल्या दिवशी दिलेली फाइल आणि दोन वर्षांनी कोर्टात उघडलेली फाइल एकच आहे, मध्ये कुणी हात लावलेला नाही, हे दाखवण्यासाठी. म्हणजे तुम्ही लॅपटॉपवर जे दोन मिनिटांत काढता, त्याला कोर्टातही अर्थ आहे.

फाइल देऊ नका, अंगठा द्या

मघाशी म्हणालो होतो, तिसऱ्या गोष्टीकडं नंतर येतो. हॅशवरून फाइल बनवता येत नाही. याचा फायदा बघा. तुम्ही व्हायरसटोटलवर एखादी फाइल चढवली, तर ती तुमच्यापुरती राहत नाही. तिथल्या फाइली पैसे भरणाऱ्या सुरक्षा कंपन्यांना आणि संशोधकांना उतरवून घेता येतात. एपीके चढवली तर उलट चांगलंच आहे, दुसऱ्या कुणाला तरी उद्या लाल दिसेल. पण आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट, दवाखान्याचे रिपोर्ट ‘व्हायरस आहे का बघू’ म्हणून चढवू नका. तिथं आधी नुसता हॅश शोधा. ६४ अक्षरांतून तुमच्या आजोबांचा आधार नंबर कुणाला वाचता येत नाही.

बरं, काढायचा कसा?

विंडोज असेल तर पॉवरशेल उघडा. गेट, मध्ये आडवी रेघ, मग फाइलहॅश, असं इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा, फाइल ओढून त्या खिडकीत टाका, एंटर मारा. काही वेगळं सांगितलं नाही तर ते एसएचए-२५६ च काढतं. लिनक्सवर एसएचए२५६सम नावाची कमांड असते. फोनवरच करायचं असेल तर टर्मक्स या ॲपमध्ये तीच कमांड चालते. नाहीतर प्ले स्टोअरवर हॅश काढणारी छोटी ॲपं आहेत, पण एक अट: ज्या ॲपला इंटरनेट आणि संपर्क यादी दोन्ही पाहिजेत असं, ते घेऊ नका. हॅश काढायला यातलं काहीच लागत नाही.

आणि घाबरू नका. एपीके नुसती फोनमध्ये पडून असली तर काही करत नाही. ती ‘इन्स्टॉल’ केली की तिचं काम सुरू होतं. त्याआधी फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायची परवानगी देता का म्हणून. उत्तर द्यायला फोनने तुम्हाला वेळ दिलेला असतो. तो वापरा.

शेवटचं

एकानं मघाशी हळूच म्हटलं, “एवढं कोण करतंय भाऊ?” खरंय. सगळ्यांनी करायचं नाहीच. आईला पॉवरशेल शिकवायला जाऊ नका. तिला एकच वाक्य द्या: व्हॉट्सॲपवर आलेलं ॲप टाकायचं नाही, आधी मला विचार. बाकीचं तुमच्याकडं. एका घरात एकाला आलं तरी पुरे, एका गल्लीत चौघांना आलं तर लय झालं.

पण ज्या दिवशी कुणी तुम्हाला विचारेल, त्या दिवशी ‘वाटतंय’ म्हणू नका. सांगा, “काका, मी हिचा अंगठा घेतला. जगातल्या मोठ्या वहीत शोधला. ही म्हणते मी सगळ्यांची ओळखीची, पण हिला ओळखणारं कुणी नाही.” काकांना हॅश समजणार नाही. पण हे समजेल, कारण मोंढ्यात अनोळखी माणसाला उधार देताना तेही हेच बघतात.

घरचा अभ्यास: आज रात्री एक रिकामी फाइल बनवा, हॅश काढा, ई-३-बी-० ने सुरू होतो का बघा. मग त्यात तुमच्या गावाचं नाव लिहा आणि पुन्हा काढा. काय आलं ते मला कळवा. त्यात अडचण आली तरी कळवा, पुढच्या भागात घेऊ.

चला, चहा आलाय.